पेशी मेल्या, पण कोणत्या?

मा. संपादक,

‘अमुक रसायनाने हाडाच्या कर्करोगाच्या पेशी मेल्या’ अशा बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. पेशी कोणत्या, हे मात्र त्यात क्वचितच असते. यू-२ ओएस ही सेल लाइन (एका गाठीतून घेऊन प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशी) १९६४ साली एका १५ वर्षांच्या मुलीच्या नडगीतल्या गाठीपासून वाढवली गेली, साओस-२ ही १९७३ साली ११ वर्षांच्या मुलीच्या गाठीपासून. पेशीच्या बेबंद वाढीला आवर घालणारे पी५३ जनुक पहिलीत शाबूत आहे, दुसरीत ते नाहीच. पी५३ला जागे करून पेशी मारणारे औषध यू-२ ओएसवर चालेल आणि साओस-२वर बहुधा वाया जाईल. दोन्ही निकाल खरेच!

शिवाय निकाल पेशींच्या निगेवर ठरतो. दोघींना मॅककॉय ५ए मीडियम (पेशींचे पोषक द्रव) चालते, पण पहिलीला त्यात १० टक्के सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) पुरते, साओस-२ला १५ टक्के लागते. ३७ अंश तापमान, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, दोन-तीन दिवसांनी ताजे मीडियम. इथवर सगळे सोपे. पेशी फ्लास्कच्या तळाला चिकटून वाढतात; घोळ होतो तो त्यांना तळापासून सोडवताना. आधी कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेल्या बफरने (क्षारांच्या द्रावणाने) तळ नीट विसळावा लागतो, कारण मागे राहिलेले सीरम पेशींची पकड सोडवणाऱ्या ट्रिप्सिन या विकराला निकामी करते. मग ७५ चौ. सेंमी.च्या फ्लास्कला ०.२५ टक्के ट्रिप्सिन-ईडीटीए (ईडीटीए कॅल्शियम बांधून पकड सैल करते) २-३ मिली. पसरट पेशी गोल होऊन चमकू लागेपर्यंत ५ ते १५ मिनिटे सूक्ष्मदर्शकाखाली बघत थांबायचे. घाईने फ्लास्क आपटला की पेशी गठ्ठ्यांनी सुटतात आणि मोजणी फसते. चाचणीच्या थाळीतल्या एका खळग्यात मुळातच निम्म्या पेशी पडल्या असतील, तर ‘औषधाने निम्म्या मेल्या’ या आकड्याला काय अर्थ? उलट ट्रिप्सिन फार वेळ राहिले तर पेशीच्या पृष्ठभागावरची प्रथिने कुरतडली जातात.

जिवाणू शिरले तर मीडियम गढूळ होऊन पिवळे पडते, चोर लगेच सापडतो. मायकोप्लाझ्मा हा अगदी लहान जिवाणू तसा नाही. मीडियम स्वच्छ, पेशी जिवंत, फक्त वाढ मंदावलेली आणि औषधाला प्रतिसाद बदललेला. त्याला पेशीभित्तिका नसल्याने पेनिसिलिनचा उपयोग शून्य. पीसीआर (डीएनए शोधणारी चाचणी) करावे किंवा डीएनएला चिकटून चमकणारा हेक्स्ट रंग द्यावा. केंद्रकाबाहेर बारीक ठिपके चमकले की फ्लास्क निर्जंतुक करून टाकून द्यावा. वाचवत बसू नये.

पॅसेज (पेशी सोडवून नव्या फ्लास्कमध्ये घालण्याच्या फेऱ्या) वाढत गेले की साओस-२ची वाढ वेगवान होते आणि अल्कलाइन फॉस्फेटेज, म्हणजे तिच्या हाडपणाची खूणच, घटत जाते. म्हणून सुरुवातीच्याच पॅसेजचा साठा १० टक्के डीएमएसओमध्ये (गोठताना पेशींना जपणारे रसायन), मिनिटाला सुमारे १ अंश या गतीने गोठवून द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात आणि ठरावीक पॅसेजनंतर त्याकडे परततात. वितळवताना मात्र घाई हवी: ३७ अंशांच्या पाण्यात दोनेक मिनिटे, झाकण पाण्याबाहेर.

राहिली ओळख, म्हणजे फ्लास्कमधल्या पेशी खरेच त्याच आहेत का. हेला (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची सेल लाइन) पेशी दुसऱ्यांच्या फ्लास्कमध्ये घुसून सगळा तळ बळकावतात, हे १९६०च्या दशकापासून ठाऊक आहे. एसटीआर या डीएनएवरून ओळख पटवणाऱ्या चाचणीने ही भेसळ कळते.

तेव्हा अशी बातमी छापताना सेल लाइनचे नाव, एसटीआर झाली का आणि मायकोप्लाझ्मा तपासला का, एवढे संशोधकांना विचारावे. उत्तर मिळाले नाही तर तेही छापावे.

– पेशीसंवर्धनाचे काम करणारे काही वाचक