हॅमस्टर गोष्टीतच बरा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बालपुरवणीत बेटी बर्नी यांच्या 'हम्फ्री' या हॅमस्टरच्या (उंदरासारखा दिसणारा छोटा पाळीव प्राणी) पुस्तकमालिकेचा परिचय वाचला. मुलांच्या पुस्तकांना एवढी जागा दिलीत, बरं वाटलं. मात्र 'प्रत्येक वर्गात असा एक हॅमस्टर हवाच' हे त्यातलं वाक्य खटकलं.

मी शाळेत ग्रंथपाल आहे. वाचनाच्या तासाला ही पुस्तकं मी मुलांना वाचून दाखवते. पहिलं पुस्तक २००४ चं. लाँगफेलो शाळेच्या २६ नंबरच्या वर्गातला हम्फ्री शनिवार-रविवारी एकेका मुलाच्या घरी मुक्कामाला जातो, आणि खरी गंमत तिथेच आहे. ए.जे.च्या घरी टीव्ही अखंड चालू. हम्फ्री पिंजऱ्याबाहेर निसटतो आणि सरळ प्लगच काढतो. मग घरातल्यांना एकमेकांकडे बघावंच लागतं! साये वर्गात तोंड का उघडत नाही, हे तिच्या घरी गेल्यावर उमगतं. सुरुवातीला हम्फ्रीला अजिबात थारा न देणाऱ्या वर्गशिक्षिका ब्रिस्बेनबाईंच्या घरची काळजीही त्याच्या नजरेतून सुटत नाही. दिसतं सगळं, पण बोलायला जावं तर तोंडातून नुसतं 'चीं चीं'. आमच्याकडचा एक चळवळ्या मुलगा हे ऐकताना एकदम म्हणाला, "म्हणजे याला सगळ्यांची गुपितं माहितीयत, पण चुगली करता येत नाही!" तुमच्या परिचयात 'प्राणिप्रेमाचा संस्कार' चारदा आला, हे मात्र कुठेच नाही.

आता खरा हॅमस्टर. तो दिवसा झोपतो आणि रात्री जागतो. दचकवून उठवलं की चावतो. एकटं राहणं त्याला मानवतं, आयुष्य जेमतेम दोन-तीन वर्षांचं. तासाच्या घंटा, तीस-चाळीस मुलांचा गलका आणि दर शुक्रवारी नवं घर, हे त्या जिवाला कसं झेपावं? लेखिकेने तरी हम्फ्रीचे कितीतरी उद्योग शाळा रिकामी झाल्यावर, रात्री झाडलोट करायला येणाऱ्या आल्डोच्या संगतीत घडवलेत. पिंजऱ्याची कडी नीट लागत नाही, ही सोयही गोष्टीतच शोभते.

त्यापेक्षा पुरवणीतून मुलांनाच विचारा ना : हम्फ्री दोन दिवस तुमच्या घरी राहिला, तर पिंजऱ्यातल्या आरशामागे लपवलेल्या आपल्या वहीत काय लिहील? आलेली पत्रं छापा. पालकांची पंचाईत होईल अशीसुद्धा.

– एक शालेय ग्रंथपाल