सायकलवाल्याने कडेला जायचे तरी कुठे?

मा. संपादक,
स.न.

सायकलस्वाराला गाडीने उडवल्याची बातमी आली की पाठोपाठ सल्ले सुरू होतात. हेल्मेट घाला, रिफ्लेक्टर लावा, कडेने चालवा. पहिले दोन मान्य. तिसरा नागपुरात बऱ्याच ठिकाणी पाळताच येत नाही, आणि तो पाळायला लावणारा मागचा हॉर्नच जिवावर बेततो.

शहरातले कितीतरी रस्ते आता सिमेंटचे झाले. खड्डे कमी झाले, हे चांगलेच झाले. पण एकदा गाडीतून उतरून या रस्त्यांची कड पाहा. सिमेंट संपून गट्टू (कडेचे पेव्हर ब्लॉक) सुरू होतात तिथे अनेक ठिकाणी बोट-दोन बोटांची फट आहे. कुठे गट्टू खचून चांगला टप्पा पडलाय. कारच्या टायरला ते कळतही नाही. सायकलचे चाक मात्र त्यात शिरते, हँडल वळत नाही आणि माणूस आडवा होतो, तो बहुधा मागून येणाऱ्या गाडीच्या पुढ्यात. त्यात कडेलाच गिट्टी, वर आलेले चेंबर आणि उभ्या कारचे अचानक उघडणारे दार. म्हणून रोजचा सायकलवाला कडेपासून दोन हात आत चालवतो. मागच्याला तो आडमुठेपणा वाटतो.

आमच्या वस्तीतले एक कामगार हिंगणा एमआयडीसीतून रात्रपाळी करून परतत होते. मागून एका ट्रॅव्हल्सने अगदी जवळ येऊन हॉर्न दिला. ते दचकून कडेला सरले, चाक फटीत गेले, खांद्याचे हाड मोडले. बस त्यांना लागलीच नाही, त्यामुळे थांबलीही नाही. दवाखान्याच्या कागदावर लिहिले गेले, ‘सायकलवरून पडून जखम’. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली, त्यात साडेचार हजारांहून जास्त सायकलस्वार होते. अशा न लागलेल्या धडकांनी जायबंदी झालेले कुठल्या हिशेबात धरायचे?

कायदा नाही असे नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने सिग्नल तोडणे, हातात मोबाइल धरून चालवणे, राँग साइडने येणे आणि नियम मोडून ओव्हरटेक करणे हे सारे ‘धोकादायक वाहन चालवणे’ ठरवले. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. मग सायकलला घासून कट मारणाऱ्यावर हे कलम लागलेले कधी ऐकू का येत नाही? जर्मनीत २०२० पासून शहरात सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर सोडणे बंधनकारक आहे. आपल्याकडेही असे आकड्यात मांडलेले अंतर हवे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री श्री. नितीन गडकरी नागपूरचेच खासदार आहेत, त्यांनी ते मनावर घ्यावे ही मनापासून विनंती.

सायकल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सेमिनरी हिल्सचा चढ चढणारी सकाळची मंडळी येतात. त्यांचाही जीव मोलाचाच. पण हँडलला डबा अडकवून पाळीवर जाणारे, दूध घालणारे, ट्यूशनला जाणाऱ्या मुली यांना रस्ता आणि वेळ निवडता येत नाही. भर गर्दीत, ट्रकच्या शेजारूनच त्यांना जावे लागते. केंद्राच्या ‘इंडिया सायकल्स फॉर चेंज’ स्पर्धेत नागपूर निवडक अकरा शहरांत आले, तेव्हा आम्हाला आनंद झाला होता. त्या काळात आखलेल्या सायकल पट्ट्यांवर कार उभ्या राहणार असतील, तर पट्ट्या आखल्या कशासाठी?

पावसाळ्यात ही फट पाण्याखाली जाते आणि दिसतच नाही. महापालिकेने पाऊस सुरू होण्याआधी सिमेंट रस्त्यांच्या कडा गट्टूंशी समपातळीत आणाव्यात, सुरुवात एमआयडीसी आणि शाळांकडे जाणाऱ्या रस्त्यांपासून करावी. आणि तोवर वाहनचालकांनी पुढच्या सायकलला हॉर्न मारून कडेला ढकलू नये. शेजारची लेन मोकळी होईपर्यंत मागे थांबावे.

आपला,
एक सायकलस्वार वाचक, नागपूर