पासोडी बघून या आणि मला सांगा

तीर्थरूप नाना आणि आईला साष्टांग नमस्कार,

नाना, मायना नीट लिहिलाय, आता पुढं मी बोलल्यासारखंच लिहिणारे, लाल पेन घेऊन बसू नका.

रोज फोन होतो मग पत्र कशाला, असं आई म्हणणार. पण फोनवर काय होतं, जेवलीस का, थंडी किती, ऑफिस कसंय, तेवढ्यात गुड्डी मोबाईल ओढून घेती आणि मला तिच्या नाकाच्या आतलं दिसायला लागतं. परवा दादानं यात्रेतनं व्हिडीओ कॉल लावला होता तेव्हा तर नुसता भोंगा आणि गर्दी, मध्येच एकदा देवीच्या देवळाचं शिखर हललं, मग दादाचा कान, मग कट. तरी बरं वाटलं. मार्गशीर्षात इकडं साडेचारलाच अंधार पडतो, पाऊस तर रोजच पडायलाय, आणि तिकडं पौर्णिमेपर्यंत आख्खं गाव देवळाकडं चाललेलं असतं हे आठवून उगाच चिडचिड होती.

तर सांगायचं ते सांगते, खूप दिवसांपासून राहून जायलंय.

2025 च्या उन्हाळ्यात आम्ही ऑफिसचे चौघं गाडी करून फ्रान्सला गेलो होतो ना, समुद्राचे फोटो पाठवले होते बघा. तेव्हा बाय्यो नावाच्या एका छोट्या गावात थांबलो. तिथं एक कापड आहे. नुसतं कापड. जवळपास 70 मीटर लांब आणि हातभर रुंद, त्याच्यावर लोकरीच्या दोऱ्यानं भरलेली चित्रं, 1066 साली नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड कसं जिंकलं त्याची सगळी गोष्ट, जहाजं, घोडे, जेवणावळी, मारामाऱ्या, सगळं. अंधारी खोली, काचेच्या मागं मंद उजेड, कानाला यंत्र लावायचं आणि ते सांगेल तसं हळूहळू पुढं सरकायचं. बाहेर ही मोठी रांग. त्यात म्युझियम सप्टेंबरपासून दोन वर्षं बंद राहणार होतं म्हणून अजूनच गर्दी. जपानहून आलेल्या म्हाताऱ्या बाया होत्या, शाळेची पोरं होती, आणि त्या कापडापुढं कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

आणि मी तिथं उभी राहून कशाचा विचार करायले माहितीये का? पासोडीचा!

माझ्याबरोबरची पोलंडची पोरगी म्हणाली तुमच्याकडं असं काही असतं का, तर मी एकदम जोरात म्हणले हो, माझ्याच गावात आहे, अंबाजोगाईत, 40 फूट लांब, 4 फूट रुंद, दासोपंत नावाच्या एका संतानं आख्ख्या कापडावर हातानं ग्रंथ लिहिलाय, चारशे वर्षं होऊन गेलीत. ती म्हणाली बापरे, कशी दिसती? आणि मी गप्प. नाना, मला सांगताच येईना कशी दिसती ते. पाचवीत का सहावीत सरांनी वर्गाला बघायला नेलं होतं एवढं आठवतंय, आणि त्यातलं पक्कं आठवतंय ते एकच, माझी एक चप्पल हरवली आणि मी घरापर्यंत एका पायानं उड्या मारत आले आणि आईनं पाठीत धपाटा घातला. पासोडीवरचं एक अक्षर आठवत नाही. काय रंगाची शाई, चौकटी आहेत की गोल आहेत, काही नाही. दासोपंतांच्या देवघराच्या बोळातनं रोज क्लासला जायचे मी, तेही सायकलवर बसून घंटी वाजवत.

मग फोनवर शोधत बसले तिथंच गाडीत. पंचीकरण लिहिलंय त्याच्यावर हे आपल्याला तोंडपाठ आहे, परीक्षेत यायचं. पण पंचीकरण म्हणजे पाच महाभूतं एकमेकांत मिसळून हे सगळं जग, हे शरीर कसं झालं त्याची फोड, आणि ते समजावं म्हणून पुस्तकाची पानं उलटायच्या ऐवजी एका लांबच लांब कापडावर मांडून टाकलं, हे माझ्या डोक्यात तेव्हा पहिल्यांदा शिरलं. आमच्या ऑफिसात मोठ्या प्रोजेक्टचा आख्खा नकाशा भिंतभर कागद चिकटवून काढतात, एका नजरेत सगळं दिसावं म्हणून. दासोपंतांनी तेच केलं असणार असं मला आपलं वाटतं. नाना, तुम्हाला पटतंय का बघा, नाहीतर म्हणाल काहीच्या काही जोडती.

आणि पासोडी हा शब्द! तो काही ग्रंथाचा शब्द नाही हो, ते पांघरायचं जाडंभरडं कापड. आजी हिवाळ्यात म्हणायची ना, पासोडी घे गं अंगावर. म्हणजे दुसऱ्या कुणी भूर्जपत्र, ताम्रपट असलं काही निवडलं असतं, आणि ह्या माणसानं सृष्टीचं कोडं लिहायला पांघरूण घेतलं. मला हे लय आवडलंय.

घरी आल्यावर मी एक वेडेपणा केला. टेप घेऊन फ्लॅट मोजला. दारापासून बाल्कनीच्या काचेपर्यंत 9 मीटर भरला. 40 फूट म्हणजे 12 मीटरच्या वर. म्हणजे पासोडी माझ्या घरात सरळ पसरताच येत नाही, तीन मीटर बाल्कनीतनं खाली लोंबणार, शेजारच्या डच आजी पोलीस बोलावतील. तेव्हा मला ती किती मोठी आहे ते कळलं. आकडा माहीत असून कळलं नव्हतं.

आजीला विचारा तिला दत्ताजी पाडेवाराची गोष्ट अजून आठवती का. ती कशी सांगायची, जसं काय मागच्या गल्लीत घडलंय. दासोपंतांचे वडील देशपांडे, सरकारात भरायची रक्कम राहिली म्हणून बीदरच्या बादशहानं पोराला ओलीस ठेवून घेतलं, आणि मुदत संपायच्या दिवशी कोण कुठला दत्ताजी पाडेवार आला, पैसे मोजले, पावती घेतली आणि गेला, तो साक्षात दत्त. आजी पावतीवर फार जोर द्यायची, देवानं पण पावती घेतली बाबा, तुम्ही दुकानातनं तसेच येता. आणि रोज एक ढबू पैशाची शाई लागायची त्यांना, हे पण तिच्याकडनंच ऐकलेलं. दादाला म्हणावं हे सगळं तिच्या आवाजात रेकॉर्ड कर. अगोदर सांगून नको, नाहीतर ती पदर नीट करून पुस्तकी बोलायला लागती. भाजी निवडताना शेजारी फोन ठेवून द्यायचा बस.

इथल्या मराठी मंडळात पण गमती असतात. गणपतीत एक पुण्याच्या काकू भेटल्या, अंबाजोगाई म्हणल्यावर एकदम गळ्यात पडल्या, अगं आमची कुलदेवता! कोकणस्थ आहेत. दोनदा येऊन गेल्यात, सकाळी परळी, दुपारी योगेश्वरी, संध्याकाळी गाडी. मी विचारलं हत्तीखाना बघितला का, तर म्हणाल्या तो कुठं आलाय? म्हणलं काकू, देवीच्या लग्नाचं वऱ्हाडच आहे ते, परळीच्या वैजनाथाबरोबर लग्न ठरलं होतं, मुहूर्त टळला आणि वऱ्हाड दगडाचं झालं, ते हत्ती अजून उभे आहेत तिथं, आणि तुम्ही कुलदेवीकडं येऊन तिचं वऱ्हाड न भेटता गेलात. बिचाऱ्या फार हळहळल्या. लेणी कुणी कोरली, कुठल्या राजवटीत, ते पण सांगितलं असतं पण मग माझंच भांडं फुटलं असतं, हत्तीच्या पाठीवर बसून फोटो काढण्यापलीकडं मी तरी काय केलंय.

दुसरी आहे नागपूरकडची. तिच्याशी माझं कायमचं भांडण. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा मी ग्रुपवर मुकुंदराजांची ओवी टाकली, शके अकराशे दाहोत्तरू वाली, म्हणजे 1188, ज्ञानेश्वरीच्या शंभर वर्षं आधीचा विवेकसिंधू, आमच्या गावचा. तर ही लगेच म्हणती मुकुंदराज आमचे, वैनगंगेकाठच्या आंभोऱ्याचे. रात्री दीडपर्यंत चाललं. मी म्हणलं समाधी आमच्याकडं, ती म्हणती ग्रंथ आमच्याकडं लिहिला. अभ्यासकांचंच यावर एकमत नाही हे दोघींना माहितीये, पण हरायचं कुणी? शेवटी तिनं सांडगे आणले, मी धपाटे केले, तेवढ्यापुरता तह. नाना, तुमच्याकडं यावर एखादा जुना लेख असला तर फोटो काढून पाठवा. आपल्या बाजूचा असेल तरच पाठवा.

बारखांबीच्या आवारात खोदकामात आणखी दोन देवळांचे पाये निघाले ती बातमी मला इथल्या ट्रेनमध्ये बसून कळली, तुमच्याकडनं नाही. याचा मला खरंच राग आलाय. घरापासून चालत जाण्यासारखं अंतर, यादवांच्या काळातलं देऊळ, त्याच्या शेजारी जमिनीखाली अजून देवळं, आणि तुम्ही मला फोनवर काय सांगता तर शेजाऱ्यांनी बोअर घेतला. (पाणी लागलं का पण?) दादा फक्त रील पाठवतो, वरनं ड्रोननं काढलेलं, खाली धडाधड गाणं. त्यात देऊळ खेळण्यासारखं दिसतं. मला तसलं नको, मला खांबाला हात लावून काढलेला फोटो पाठवा, हात कुणाचाही चालेल.

मी काही तिकडं म्युझियम करा, काचा लावा असं म्हणत नाहीये. त्या अंधाऱ्या खोलीत मला थोडं गुदमरल्यासारखंच झालं होतं. आपली पासोडी घरात आहे, पिढ्यान्‌पिढ्या देवासारखी सांभाळलीय, ते मला बरं वाटतं. नुसती घडी घालून ठेवलेली चीज दरवेळी उलगडली की झिजते हेही खरं, म्हणून उगाच कुणाला उघडायला लावू नका. पण दर्शनाला कधी ठेवतात ते चौकशी करून ठेवा ना. मी फेब्रुवारीत यायलेय, तीन आठवडे. त्यात आईचं लग्नाचं बघणं-बिघणं दोन दिवसांत उरकायचं आधीच सांगून ठेवते.

माझ्या अगोदर जमलं तर तुम्ही गुड्डीला घेऊन जा. ती आठ वर्षांची झाली, तिला मोडी-बिडी नाही पण बाळबोध अक्षर लावता येईल. तिला म्हणावं आत्यासाठी एक तरी शब्द वाचून ये आणि फोनवर सांग. आणि जायच्या आदल्या दिवशी माळवदावर तिच्याकडनं खडूनं 40 फूट लांब, 4 फूट रुंद पट्टा आखून घ्या. जिन्यापासून सुरू केलं तर पाण्याच्या टाकीपर्यंत जाईल असा माझा अंदाज आहे, नाही बसलं तर मला कळवा. दादाला टेप दे म्हणावं, तो फुटाची पट्टी घेऊन बसला तर संध्याकाळ होईल.

आई, येसरचा मसाला संपत आलाय, मी येईन तेव्हाच दे, पार्सल करू नको, मागच्या वेळी डबा फुटून सगळ्या कपड्यांना आमटीचा वास लागला होता. आजीची वाकळ मात्र अजून रोज अंगावर घेते. हीटर असतो तरी घेते.

सगळ्यांना नमस्कार, गुड्डीला पापा.

तुमची,
धाकटी

ता.क. चप्पल पहिली गाडीतच ठेवायची. आत्यासारखं नको.