लँगलीच्या ताईंना, वसईहून

आदरणीय ताई,

तुम्हाला हे पत्र माझी लेक वाचून समजावेल. पण आमच्या माणसांनीही ते वाचावं, म्हणून उघड लिहितोय.

लेकीला कॅनडात, तुमच्या लँगलीला, कॅथलिक पॅसिफिक कॉलेजात घालायचं ठरलं, तेव्हा गावात कुजबुज झाली. कॉलेज आपलं, पण 1999 साली सुरू झालेलं, छोटंसं. थिऑलॉजी, फिलॉसॉफी तिथे शिकायची, बाकीचे विषय शेजारच्या ट्रिनिटी वेस्टर्न विद्यापीठात, आणि पदवीही त्यांचीच. ते पडले इव्हँजेलिकल, म्हणजे प्रोटेस्टंट पंथाचे. "बिलिव्हर लोकांत पोरगी पाठवतोस? रोझरी विसरून येईल," असं नातेवाइकांनी तोंडावर ऐकवलं. आधी ती इथल्या एका मोठ्या, नावाजलेल्या कॉलेजात होती. तिचे आजोबा गेले तेव्हा तिथे रजेच्या अर्जावर शिक्का मारून मिळाला, बस. "बाळा, कशी आहेस?" एवढंही कुणी विचारलं नाही. तो राग अजून गेलेला नाही.

मग जानेवारीत माझी आई गेली. आजीनेच लेकीला वाढवलेलं. इथे मयत दुपारी चारला, म्हणजे तुमच्याकडे रात्रीचे अडीच. तुम्ही विद्यापीठाच्या हॉस्टेलवर असता, चर्च तुमचं वेगळं. तरी तिला आपल्या स्वयंपाकघरात नेलंत, फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केलात आणि शेजारी बसलात.

इथे घरी रोझरी, म्हणजे मारियेची जपमाळेवरची प्रार्थना, सुरू झाली. तुमच्यात मारियेची प्रार्थना नाही, मेलेल्यांसाठीही करत नाहीत, हे मला ठाऊक आहे. तुम्ही उठून गेला असता तरी आम्ही वाईट मानलं नसतं. पण तुम्ही रोझरीची पूर्ण पाच रहस्यं, म्हणजे पाचही भाग, लेकीचा हात धरून बसून राहिलात. आणि आम्ही 'हे आमच्या स्वर्गातील बापा' सुरू केलं की तुम्ही तुमच्या भाषेत हळूच सोबत म्हणायचात. शब्द कळत नसताना नेमकी ती जागा कशी ओळखलीत, लेकीला अजून नवल वाटतं.

दोन संस्थांचा करार कसा होतो, कोणते पेपर कुठे चालतात, ते मला फारसं कळत नाही. पण दुसऱ्याची श्रद्धा आपल्या घरात अशी अदबीने सांभाळणारी माणसं मी फार थोडी पाहिली. आमच्या वसईत एकाच येशूला मानणारी घरं एकमेकांच्या मयताला जायचं टाळतात. मीही त्यांना नावं ठेवत आलो. आता त्यांना तुमचं सांगतो.

लेक सुट्टी संपवून निघेल तेव्हा तिच्यासोबत वसईची सुकेळी पाठवतोय. आईच्याच वाडीतली आहेत. हवाबंद डब्यात ठेवा, बरीच टिकतात.

तुमचा भाऊ,
लेकीचा बाप