आकाशाची बातमी एसटीच्या वेळापत्रकासारखी छापा

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र मोठं होणार आहे, कापायचं तिथं कापा, फक्त वेळापत्रकाची गोष्ट आहे तेवढी कापू नका.

काल दत्तजयंती झाली. सकाळी पेपरात पहिल्याच पानावर ‘आज सुपरमून, दुर्मिळ योग, चुकवू नका’ असं ठळक छापलेलं (पौर्णिमेचा चंद्र पृथ्वीच्या जवळ असला की त्याला सुपरमून म्हणतात). कुठल्या पेपरात ते नाव घेत नाही, माझ्याकडे दोन येतात. झालं, गल्लीतली दहा-बारा पोरं संध्याकाळी माझ्या गच्चीवर हजर, कारण मी रिकामा माणूस आणि मला आकाशातलं थोडंफार कळतं असा गल्लीत समज आहे. चंद्र आला वर. पोरं बघतायत बघतायत, शेवटी एक पोरगी म्हणाली, आजोबा, हा तर रोजच्याएवढाच आहे की. आता काय सांगू तिला? चंद्र काल साधारण ३ लाख ५७ हजार किलोमीटरवर होता आणि एरवी सरासरी ३ लाख ८४ हजारांवर असतो, म्हणजे दिसायला सात-आठ टक्के मोठा, दोन चंद्र शेजारी शेजारी ठेवून बघता आले असते तर फरक कळला असता, नुसत्या डोळ्यांना कसा कळणार. आणि दुर्मिळ म्हणाल तर ऑक्टोबरात एक झाला, त्रिपुरी पौर्णिमेला ५ नोव्हेंबरला झाला (तो तर या वर्षातला सगळ्यात जवळचा होता), काल झाला आणि येत्या ३ जानेवारीला अजून एक आहे. चार महिन्यांत चार वेळा येणाऱ्याला दुर्मिळ म्हणत असतील तर आमच्या स्टँडवर सगळ्याच गाड्या दुर्मिळ होत्या!

मी एसटीत कंडक्टर होतो, रिटायर होऊन चार वर्षं झाली. नोकरीतली बरीच वर्षं मुक्कामी गाडीवर गेली. शेवटची फेरी करून गाडी खेड्यात मुक्कामाला जायची, पहाटे पहिली फेरी तिथूनच सुटायची. उन्हाळ्यात ड्रायव्हर आत सीटवर झोपायचा आणि मी शिडीनं टपावर. रात्री साडेनऊला गाव चिडीचूप, लाईट असले तर असले. तिथं टपावर पडल्या पडल्या मला आकाश पाठ झालं, शिकवलं कुणी नाही. गावातली म्हातारी माणसं सांगायची, ते तिकांडं, म्हणजे मृगातले ओळीतले तीन तारे, ते बाजलं, म्हणजे सप्तर्षी, म्हातारीची बाज आणि ती पळवणारे तीन चोर. हिवाळ्यात तिकांडं मावळतीला टेकलं की उठायचं, तोंड धुवायचं, गाडीला घंटी द्यायची. घड्याळ बंद पडलं तरी पहिली गाडी कधी चुकली नाही.

म्हणून मला जे खुपतं ते सांगतो. एसटीच्या फलकावर काय असतं? गाडी कुठली, सुटणार किती वाजता, लागणार कुठल्या फलाटाला. एवढंच. ‘शतकातली अद्भुत गाडी’ असं लिहून वेळ आणि फलाट न लिहिला तर पब्लिक कंट्रोलरच्या खिडकीत हात घालून त्याची कॉलर धरेल. आकाशाच्या बातमीत मात्र हेच चालतं. अद्भुत असतं, विलोभनीय असतं, खगोलप्रेमींसाठी पर्वणी असते, पण किती वाजता, कुठल्या दिशेला, किती उंचीवर, नुसत्या डोळ्यांनी की दुर्बिणीनं, आणि मुख्य म्हणजे आपल्या गावातून दिसणार की नाही, हे शोधून सापडत नाही.

फेब्रुवारीतली ती ग्रहांची परेड आठवते का. ‘सात ग्रह एका रेषेत’. माझे दोन्ही भाचे कोल्हापूरहून मुद्दाम आले. शुक्र पश्चिमेला झकास तळपत होता, गुरू होता, मंगळ होता, बुध मावळतीला जेमतेम हाताला लागला. शनी सूर्याच्या इतका जवळ की संधिप्रकाशात गडप, युरेनस नेपच्यूनला दुर्बीण पाहिजे. सातातले चार दिसले, आणि चार म्हणजे काही कमी नाही हो, पण पोरं सात मोजायला आली होती ना, ती नाराज होऊन गेली. सगळे ग्रह सूर्याभोवती जवळपास एकाच पातळीत फिरतात म्हणून ते आकाशात नेहमीच एका पट्ट्यात दिसतात, यात परेड कसली, हे एक वाक्य छापलं असतं तरी भागलं असतं.

त्याहून कहर २ ऑगस्टचा. जुलैमध्ये सगळ्या ग्रुपवर फिरत होतं की २ ऑगस्टला सहा मिनिटं सगळ्या पृथ्वीवर अंधार होणार. शेजारच्या वहिनींनी मेणबत्त्या आणून ठेवल्या. मूळ गोष्ट अशी की २ ऑगस्ट २०२७ ला खग्रास सूर्यग्रहण आहे, दक्षिण स्पेन, उत्तर आफ्रिका, इजिप्त असा त्याचा पट्टा, इजिप्तमध्ये लक्सरच्या बाजूला सहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ सूर्य झाकला जाणार. वर्ष चुकलं, आणि एका पट्ट्यातला अंधार सगळ्या पृथ्वीवर पसरला. आपल्याकडे ते खंडग्रास असणार, तेही ऑगस्टच्या ढगांनी दिसू दिलं तर. मंगळ चंद्राएवढा दिसणार ही अफवा तर २००३ पासून दर ऑगस्टला नेमानं येते. आम्ही लहानपणी स्कायलॅब (अमेरिकेचं अवकाशातलं स्टेशन) बघितलीय, म्हणजे बघितली नाही, पडणार म्हणून ऐकली. १९७९ चा जुलै. उद्या मरायचंच आहे म्हणून आमच्या गावात लोकांनी कोंबड्या कापून खाल्ल्या. ती पडली ऑस्ट्रेलियाकडं, इकडं कोंबड्या गेल्या फुकट. तेव्हा निदान पेपर आला की खरं काय ते कळायचं. आता पेपरवालेच ग्रुपवरचं उचलायला लागले तर विचारायचं कुणाला?

आता तो धूमकेतू घ्या, थ्रीआय अ‍ॅटलास. बातमी म्हणून एक नंबर आहे, मला तर झोप लागेना. १ जुलैला चिलीतल्या दुर्बिणीला सापडला, आणि हा आपल्या सूर्याच्या घरचाच नाही, दुसऱ्या कुठल्या तरी ताऱ्याकडून आलाय, असा बाहेरचा पाहुणा आजपर्यंत फक्त तिसरा, पहिला २०१७ ला, दुसरा २०१९ ला. ऑक्टोबरअखेर सूर्याला वळसा घातला, परत येणार नाही. येत्या १९ तारखेला तो पृथ्वीच्या सगळ्यात जवळ असेल, पण जवळ म्हणजे २७ कोटी किलोमीटर, सूर्य आपल्यापासून १५ कोटींवर आहे, म्हणजे सूर्याच्याही पलीकडचं अंतर झालं. नुसत्या डोळ्यांनी काहीही दिसणार नाही, साध्या बायनॉक्युलरनंही नाही, चांगली दुर्बीण पाहिजे आणि बघणारा तयारीचा पाहिजे. पण बातम्यांत एलियनचं यान काय, पृथ्वीकडं झेपावतोय काय, काय काय चाललंय. हार्वर्डच्या एवी लोब नावाच्या प्राध्यापकांनी शंका काढली होती हे खरं, पण नासानं गेल्या महिन्यात फोटोच दाखवले आणि हा धूमकेतूच आहे असं स्पष्ट सांगितलं, ते मात्र आतल्या पानावर दोन ओळींत.

आणि जे खरोखर फुकटात, दुर्बिणीशिवाय, गच्चीवर सतरंजी टाकून बघता येतं त्याची बातमी कुठाय? १३ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव आहे. शनिवार आहे, दुसऱ्या दिवशी पोरांना शाळा नाही. वर्षातल्या चांगल्या उल्कावर्षावांपैकी एक, आणि पाऊस नाही, ढग नाहीत, ऑगस्टमधला वर्षाव आपल्या नशिबात नसतोच म्हणून हा जपून बघावा. बाकीचे वर्षाव बहुतेक धूमकेतूंच्या धुळीचे असतात, हा फेथॉन नावाच्या लघुग्रहाच्या मागं राहिलेल्या कचऱ्याचा, आणि याच्या उल्का जरा सावकाश आणि ठसठशीत जातात. पेपरात ‘तासाला १२०’ असं येईल बघा, तो आकडा एकदम काळ्या आकाशाचा आणि मिथुन डोक्यावर असतानाचा आहे. आमच्या तालुक्याच्या गावी तीस-चाळीस दिसल्या तरी भरून पावलो म्हणायचं, पुण्या-मुंबईत पाच-दहा. हे आधीच सांगा म्हणजे माणूस निराश होत नाही.

वेळ: रात्री साडेदहा ते दोन. दोनच्या सुमारास चंद्रकोर उगवते, मग उजेड होतो. दिशा: मिथुन पूर्वेकडून वर येईल, पण तिकडंच टक लावायची गरज नाही, उल्का कुठूनही जातात, उताणं पडायचं आणि जास्तीत जास्त आकाश डोळ्यांत घ्यायचं. मोबाइल खिशात. अंधाराला डोळे सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि एकदा स्क्रीन बघितली की परत पहिल्यापासून. ओळख पाहिजे असेल तर आठ-साडेआठनंतर पूर्वेला जो सगळ्यात ठसठशीत, न लुकलुकणारा दिवा दिसतो तो गुरू, त्याच्या शेजारी पुनर्वसूचे दोन तारे, तीच मिथुन. शनी संध्याकाळी वरच असतो, दक्षिणेला, मध्यरात्रीपर्यंत मावळतो, ज्यांच्याकडे छोटी दुर्बीण आहे त्यांनी बघा, त्याची कडी सध्या कडेवर उभी आहेत, सुईसारखी एक रेघ दिसते, दरवर्षी असं दिसत नाही. शुक्र शोधू नका, तो सूर्याच्या मागं गेलाय. झालं वेळापत्रक, किती ओळी लागल्या?

आमच्या चौकात दोन वर्षांपूर्वी हायमास्ट बसला, तेव्हापासून कृत्तिका मोजायला माझ्या गच्चीवरून वाकडं व्हावं लागतं. ते पेंचच्या जंगलात जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क (रात्रीचा काळोख राखलेली जागा) झालं, तिथं आसपासच्या खेड्यांतले दिवे खाली तोंड करून बसवलेत म्हणे, तसं इथं नुसत्या एका दिव्याला टोपी घाला म्हटलं तर लोक हसतात. जाऊ दे, तो विषय वेगळ्या पत्राचा.

जुलैमध्ये आपले अंतराळवीर शुभांशू शुक्ला वर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्टेशनात असताना लेकीनं पुण्याहून मेसेज केला, पप्पा आज आठच्या आसपास स्टेशन जाणार आहे. आमच्याकडं पाऊस तसाही कमी, ढगाला भोक पडलेलं होतं. आलं की! न लुकलुकता, आवाज नाही काही नाही, सरळ आकाश कापत पाच-सहा मिनिटांत गेलं. ४०० किलोमीटर उंचीवरून, ताशी २८ हजारांच्या स्पीडनं, दीड तासात एक फेरी, दिवसाला सोळा फेऱ्या. मी आयुष्यभर दिवसाला चार फेऱ्या मारल्या तर पाय सुजायचे. आत आपला लखनौचा माणूस बसलाय आणि मी खाली बनियनवर उभा, हात केला बघा मी. आता या बातमीची वेळ नासाकडून गावागणिक मिळते, फुकट मिळते, कुणीही कॉपी करून छापू शकतं. पण त्या दिवशी माझ्या दोन्ही पेपरांत शुभांशूंचा अर्धं पान फोटो होता आणि आज ते तुमच्या डोक्यावरून जाणार आहेत हे कुठंच नव्हतं.

पुढच्या वर्षी, फेब्रुवारी ते एप्रिलच्या मध्ये, नासा चार माणसांना चंद्राला वळसा घालायला पाठवायचं म्हणतेय, आर्टेमिस टू. दहा दिवसांचा प्रवास, उतरणार नाहीत. यापूर्वी माणूस चंद्राकडं गेला तो डिसेंबर १९७२ ला. मी नऊ वर्षांचा होतो. बहात्तरचा दुष्काळ, आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, आम्हाला सुकडी मिळायची. त्या सुकडीच्या दिवसांत वर चंद्रावर दोन माणसं गाडी चालवत होती हे मला पुढं खूप वर्षांनी कळलं. तेव्हा ही मोहीम मी तर टीव्हीसमोरून हलणार नाही. पण ती बघायची टीव्हीवर, गच्चीवरून यान दिसत नाही. तेही तसं छापा, नाहीतर पोरं परत माझ्या गच्चीवर.

आणि ३ मार्चला, होळीच्या पौर्णिमेला, खग्रास चंद्रग्रहण आहे. ‘५८ मिनिटं लालबुंद चंद्र’ असं तुमच्याकडं बाहेरून तयार मजकूर येईल, तो जसाच्या तसा लावू नका हात जोडतो. खग्रास भाग साडेपाचलाच संपतो, तेव्हा महाराष्ट्रात चंद्र उगवलेलाच नसेल. ग्रहण पूर्ण सुटणार ६ वाजून ४७ मिनिटांनी. विदर्भात थोडा वेळ मिळेल, आमच्याकडं दहा-बारा मिनिटं, मुंबईत गाडी सुटता सुटता नुसते मागचे लाल दिवे दिसावेत तेवढंच. सप्टेंबरच्या ग्रहणाला सुतक किती वाजता लागणार, कुणी काय खायचं, याची मोठी चौकट होती. असू दे, ज्याला पाळायचं त्यानं पाळावं, माझी बायकोही पाळते. त्याच चौकटीत चंद्र किती वाजता कुठं दिसणार याची एक ओळ बसत नव्हती का? रोज राशिभविष्याला एवढी जागा आहे, त्यातली एक रास मला द्या, तेवढ्या जागेत रोजचं आकाश मावतं. लिहायला माणूस नसेल तर मी लिहून पाठवतो, मानधन नको.

आपला,
एक निवृत्त कंडक्टर
आटपाडी, जि. सांगली
५ डिसेंबर २०२५

ता. क. – १३ तारखेच्या उल्कांचं छापणार असाल तर शुक्रवारच्याच अंकात छापा. शनिवारचा पेपर आमच्याकडं पहिल्या गाडीनं येतो, आणि ती गाडी अधूनमधून ब्रेकडाऊन होते.