‘गुण आला नाही’ हेही छापावे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या आरोग्यविषयक पानावर पक्षाघात, पार्किन्सन, मज्जारज्जूची इजा अशा विकारांवरील संशोधनाच्या ज्या बातम्या येतात, त्यांची कात्रणे मी गेली काही वर्षे जपून ठेवत आले आहे. ती चाळताना एक गोष्ट सतत खटकते. नव्या औषधाची किंवा नव्या उपचाराची चाचणी सुरू झाली की बातमी येते आणि एखाद्या लहान चाचणीत आशादायक काही दिसले की ती पुन्हा येते. परंतु तोच उपचार शेकडो किंवा हजारो रुग्णांवर नीट तपासला गेला आणि त्याचा गुण आला नाही असे ठरले, तर त्याची एक ओळही वाचायला मिळत नाही. ज्या घरात असा रुग्ण आहे त्या घराला या मौनाची किंमत पैशांत आणि वर्षांत मोजावी लागते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझ्या यजमानांना २०२१ च्या पावसाळ्यात पक्षाघात झाला; आमच्याकडे अजूनही ‘अंगावरून वारं गेलं’ असेच म्हणतात. मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली, उजवा हात आणि पाय लुळे पडले आणि वाचा गेली. वाचा गेली म्हणजे जीभ अडखळली असे नव्हे. शब्दच सापडेनासे झाले. रोजची आरती ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत म्हणत, पाढे म्हणत, पण तहान लागली तर ‘पाणी’ हा शब्द त्यांना सुचत नसे. वर्षानुवर्षे ओठांवर बसलेले बोलणे आणि मनातली गोष्ट शब्दांत मांडणे ही मेंदूची दोन निराळी कामे आहेत, हे मला शिक्षिका म्हणून तीस वर्षे भाषा शिकवूनही तोवर ठाऊक नव्हते.

अशा घरात सल्ल्यांना तोटा नसतो. कोणी कबुतराचे रक्त चोळायला सांगितले, कोणी दूरच्या गावातील तेलाचे नाव घेतले. त्यांना मी नम्रपणे नकार दिला. परंतु चौथ्या महिन्यात एका खासगी केंद्राची स्टेम सेल उपचाराची माहितीपुस्तिका हाती आली, तेव्हा नकार देण्याचे बळ माझ्यात नव्हते. रुग्णाच्याच हाडातील मगज काढून त्यातील पेशी शरीरात सोडायच्या आणि मेलेल्या भागाची त्यांनी दुरुस्ती करायची, हे वाचायला शास्त्रीय वाटत होते आणि खर्चाचा आकडा काही लाखांचा होता. माझे दीर रानाचा एक तुकडा विकायला निघाले होते. माझी भाची फिजिओथेरपिस्ट आहे. ती म्हणाली, ‘आत्या, याची चाचणी आपल्याच देशात होऊन गेली आहे. आधी ती वाच, मग सह्या कर.’

ती चाचणी दिल्लीच्या एम्समधील डॉ. कामेश्वर प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातील पाच केंद्रांत केली आणि तिचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. पक्षाघात होऊन काही आठवडेच उलटलेल्या १२० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले गेले. एका गटाला नेहमीच्या उपचारांबरोबर स्वतःच्याच हाडातील मगजाच्या पेशी शिरेतून देण्यात आल्या, दुसऱ्याला फक्त नेहमीचे उपचार मिळाले. सहा महिन्यांनी दोन्ही गटांतील रुग्ण स्वतःची किती कामे स्वतः करू शकतात हे तपासले, तेव्हा त्यांच्यात फरक आढळला नाही. पेशींनी अपाय केला नाही, पण उपायही केला नाही. दोन्ही गटांतील अनेक रुग्ण सुधारले होते, आणि मला यातील हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. पहिल्या काही महिन्यांत मेंदू आपल्या आपण पुष्कळ सावरतो. इजा झालेल्या भागाभोवतालची सूज उतरते, रक्तपुरवठा थोडा कमी पडलेला भाग पुन्हा कामाला लागतो, दुखावलेल्या भागाशी जोडलेले दूरचे भाग सुन्न झालेले असतात तेही जागे होतात. या काळात जो कोणी जे काही देईल त्याला त्या सुधारणेचे श्रेय मिळते, मग ते तेल असो वा पेशी. तुलनेचा दुसरा गट असल्याशिवाय खरे काय ते कळत नाही, हे मला त्या दिवशी समजले.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत रक्ताचे काही विकार वगळता इतर आजारांसाठी स्टेम सेलचा वापर केवळ मंजूर चाचणीतच करता येईल, असे स्पष्ट म्हटले आहे. देशात २००७ पासून क्लिनिकल चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही आहे; ती इंटरनेटवर कोणालाही पाहता येते आणि औषधांच्या चाचण्यांची नोंद त्यात करणे २००९ पासून बंधनकारक आहे. चाचणीत सहभागी होणाऱ्या रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. म्हणजे ‘हा प्रायोगिक उपचार आहे’ असे सांगून कोणी लाखोंचा आकडा सांगत असेल, तर नोंदणी क्रमांक मागणे आणि पैसे कशाचे, हे विचारणे एवढे दोन प्रश्न पुरेसे आहेत. आम्ही दूरध्वनीवरून तेच विचारले. क्रमांक मिळाला नाही. रान राहिले.

केवळ महागड्या उपचारांच्या बाबतीतच हे घडते असे नाही. फ्लुओक्सेटिन ही नैराश्यावरील जुनी, स्वस्त गोळी आहे. फ्रान्समध्ये ११८ रुग्णांवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ही गोळी तीन महिने घेणाऱ्यांच्या हातापायांची हालचाल अधिक सुधारल्याचे दिसले आणि जगभर ती पक्षाघाताच्या रुग्णांना लिहून दिली जाऊ लागली. मग ब्रिटनमध्ये ३,१२७ रुग्णांची मोठी चाचणी झाली. २०१८ साली तिचा निष्कर्ष आला: सहा महिन्यांनंतर स्वावलंबनात काहीही फरक नाही, नैराश्य थोडे कमी, मात्र हाडे मोडण्याचे प्रमाण गोळी घेणाऱ्यांत अधिक. स्वीडनमध्ये, तसेच ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व व्हिएतनाममध्ये झालेल्या आणखी दोन चाचण्यांनी २०२० साली तेच सांगितले. तिन्ही मिळून जवळजवळ सहा हजार रुग्ण होतात. ११८ रुग्णांच्या आशेपुढे या सहा हजार रुग्णांनी दिलेले उत्तर निदान तेवढ्याच ठळकपणे लोकांपर्यंत पोहोचायला हवे होते. (पक्षाघातानंतर नैराश्य खरोखरच येते आणि त्यावर उपचारही आहेत; तेव्हा हे पत्र वाचून कोणी चालू गोळी परस्पर बंद करू नये.)

‘नाही’ असे उत्तर आले म्हणजे संशोधन वाया गेले, असा समज या मौनाहूनही हानिकारक आहे. याचे सर्वांत बोलके उदाहरण भारतातीलच आहे. आपल्याकडे फिजिओथेरपिस्ट कमी, खेडी दूर, तेव्हा रुग्णाच्या नातेवाइकालाच रुग्णालयात व्यायाम शिकवून घरी पाठवले तर काम भागेल का, हा प्रश्न ‘अटेंड’ नावाच्या चाचणीने विचारला. देशातील १४ रुग्णालयांतून १,२५० रुग्ण तीत सहभागी झाले आणि २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी मृत्यू पावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण, नातेवाइकांना असे शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या, दोन्ही गटांत सारखेच, ४७ टक्के होते. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ बसून राहिले, कारण ज्या ‘नातेवाइकां’विषयी तो होता, त्यांत माझ्यासारख्याच बायका असणार. रात्री कूस बदलायला उठणारी, सकाळी हात वरखाली करून घेणारी आणि सुधारणा थांबली की आपलेच काही चुकले असे मानणारी व्यक्ती बहुतेक घरांत पत्नी, सून किंवा मुलगी असते. त्या चाचणीने तिला दोष दिलेला नाही. दोन-चार तासांच्या शिकवणीने घरातील माणूस प्रशिक्षित तज्ज्ञाची जागा घेऊ शकत नाही, एवढेच मला त्यातून समजते, आणि आरोग्यखात्याने त्यातून घ्यायचा बोधही हाच आहे. ‘घरीच व्यायाम करून घ्या’ असे सांगून रुग्णाला घरी सोडणे ही व्यवस्था नव्हे. ग्रामीण रुग्णालयांत फिजिओथेरपिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट यांची पदे निर्माण करून ती भरण्याची मागणी करायला याहून भक्कम आधार दुसरा कोणता हवा?

हा प्रश्न शहरी आहे असेही कोणी समजू नये. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या संशोधकांनी ८६ गावांतील मृत्यूंची कारणे नोंदवली, तेव्हा पक्षाघात हे मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण निघाले. दर सात मृत्यूंतील एक त्याने झालेला होता. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मृत्यू मोजले गेले; जे वाचले आणि खाटेवर राहिले, त्यांची गणती वेगळीच.

मग गुण येतो तरी कशाचा? आजवरच्या संशोधनाचे उत्तर एका शब्दात द्यायचे तर सरावाचा, पण तो सराव कसा आणि किती, याला फार महत्त्व आहे. अमेरिकेतील रँडॉल्फ न्यूडो आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली माकडांवरील प्रयोगांतून दाखवले की मेंदूतील हाताच्या भागाला छोटी इजा झाल्यावर हात वापरला नाही तर भोवतालचा शाबूत भागही हाताचे काम सोडून देतो, आणि हाताला मुद्दाम काम दिले तर तो टिकून राहतो. एडवर्ड टॉब यांनी याच दिशेने एक उपचार बसवला. चांगल्या हातावर जाड मोजा चढवून तो दिवसभर बांधून ठेवायचा आणि दुबळ्या हाताकडून तासन् तास कामे करून घ्यायची. २२२ रुग्णांवरील चाचणीत, २००६ साली, दोन आठवड्यांच्या अशा सरावाचा फायदा वर्षभरानंतरही टिकलेला दिसला. मात्र ज्यांचे मनगट आणि बोटे थोडी तरी उचलली जात होती, अशाच रुग्णांवर ती चाचणी झाली होती, हेही सांगायला हवे. पूर्ण लुळ्या हातासाठी हा मार्ग नाही. मानेतील व्हेगस या चेतातंतूला यंत्राने उद्दीपन देणारा जो उपचार २०२१ साली १०८ रुग्णांत उपयोगी ठरला, त्यातही यंत्राची सांगड कसून केलेल्या व्यायामाशी घातलेली होती. नव्या यंत्रांना माझा विरोध नाही, हे यावरून लक्षात यावे.

सरावालाही वेळकाळ असतो. ‘अव्हर्ट’ या २,१०४ रुग्णांच्या चाचणीत पहिल्या चोवीस तासांतच रुग्णाला वारंवार उठवून उभे करण्याने फायद्याऐवजी थोडा तोटाच झाला, तेव्हा पहिल्याच दिवशी रुग्णाला चालवण्याची घाई नातेवाइकांनी करू नये. दुसऱ्या टोकाचा समज असा, की सहा महिने उलटले की संपले. आम्हालाही तेच सांगितले गेले होते. जर्मनीत सहा महिन्यांहून जुना वाचाघात असलेल्या १५८ रुग्णांवर झालेल्या चाचणीत मात्र, आठवड्याला किमान दहा तास याप्रमाणे तीन आठवडे उपचार घेतल्यावर त्यांचे रोजच्या व्यवहारातील बोलणे सुधारले. हा निष्कर्ष २०१७ सालचा आहे. तो मला मराठीत वाचायला मिळाला असता, तर आमच्या घरात वाचा-उपचार बंद पडून जे आठ महिने वाया गेले, ते गेले नसते.

म्हणून माझी विनंती अशी आहे, की एखाद्या चाचणीची बातमी देताना रुग्ण किती होते, तुलनेचा गट होता की नाही, पक्षाघात होऊन किती काळ लोटला होता आणि पैसा कोणी पुरवला, एवढे बातमीत अवश्य द्यावे. आणि ज्या उपचाराची आशादायक बातमी आपण छापली, त्याचा पुढचा निष्कर्ष प्रतिकूल आला तर तोही त्याच पानावर, तितक्याच जागेत छापावा.

गेल्या महिन्यात आमच्याच गल्लीतील एका कुटुंबाकडे पेशी-उपचाराची तशीच रंगीत पुस्तिका आली. मी त्यांना २०१४ च्या चाचणीविषयी सांगितले. त्यांच्या मुलाने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘काकू, हे कुठे पेपरात छापून आलंय का?’ माझ्याजवळच्या कात्रणांत तसे एकही नव्हते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, जि. सातारा