होटगी रोडच्या घराबद्दल

जुळे सोलापूर

प्रिय सुधीर,

काल संध्याकाळी घरमालक काकांना भेटून आलो. गिरणीतून निवृत्त झालेला माणूस, बोलायला मऊ, पण व्यवहाराला पक्का. म्हणाले, "तुमचे मित्र कर्ज न काढता घर विकत घेणार, चांगलंय. पण पैसा आहे हे आम्हाला कळणार कसं?" राग मानू नकोस. आधीच्या गिऱ्हाइकाने कर्जमंजुरीच्या नावाखाली त्यांना नुसतं लटकवून ठेवलं आणि शेवटी हात वर केले.

तर तू उद्याच बँकेत जाऊन बॅलन्स सर्टिफिकेट घे. लेटरहेडवर, तारीख, शाखाधिकाऱ्याची सही आणि शिक्का असलेलं. शेताचे पैसे तू ठेवीत टाकलेत ना? मग ठेवीचा आकडा, ती मुदतीआधी मोडता येते आणि तिच्यावर बोजा नाही, एवढं त्यात लिहून माग. काकांना घराच्या किमतीएवढी रक्कम दिसली की पुरे. मुद्रांक शुल्क, आणि त्याशिवाय नोंदणी फीचे 30 हजार, तू तुझ्या हिशेबात वेगळे धर.

एजंट व्हॉट्सअ‍ॅपवर सहा महिन्यांचं स्टेटमेंट मागतोय. अजिबात पाठवू नकोस! त्याच्या टेबलावर कुणाच्या तरी पासबुकाची झेरॉक्स पडली होती. पगार, हप्ते, खाते क्रमांक, सगळं उघडं आणि त्यावर चहाचा कप. बघवेना मला. तुझा कागद मी स्वतः काकांच्या हातात देईन. खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे सोडून बाकीचे झाकून दे.

आणि नोटा आणू नकोस बे. घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड बसू शकतो. काकांना म्हातारपणी हा ताप कशाला? इसारसुद्धा चेकने किंवा आरटीजीएसने, तोही साठेखत, म्हणजे विक्रीचा आधीचा करार, झाल्यावरच. किंमत 50 लाखांच्या वर आहे, म्हणजे 1 टक्का टीडीएस, काकांच्या नावचा आयकर, त्यांच्या पैशांतून तुला कापून भरावा लागेल. हे काकांना आधीच सांगून ठेवतो, नाहीतर ऐनवेळी पैसे कमी आले म्हणतील.

ते आपले पैसे बघणार, तसे आपणही त्यांचे कागद बघायचे. प्रॉपर्टी कार्ड मागितलंय, मालकीच्या जुन्या नोंदी तपासायला तीस वर्षांचा सर्च वकिलाकडे दिलाय. तो आल्याशिवाय एक रुपयाही सोडायचा नाही.

जानेवारीतल्या गड्डा यात्रेच्या आत काकांना मोकळं व्हायचंय. कागद मिळाला की फोन कर, स्टेशनवर घ्यायला येतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिलीप